चाळीस नंबर

"जोर लाव की! खाल्लेलं जातं कुठं तुझं?"

हे बोलणारे माझे थोरले दीर. विहिरीच्या काठावर दोन्ही पंजे काखेत खुपसून, गळ्याभोवती मफलरचे तीन वेढे देऊन ते उभे होते. आणि मी इंजिनाच्या हँडलला लोंबकळत होते. लोंबकळतच होते, कारण हँडल हातभर खाली जायचं आणि थांबायचं. आत कुणीतरी चाक धरून बसावं तसं.

"लावतेय जोर, दादा."

"हा जोर? गादी झटकतेस का?"

उजाडायला तास राहिला होता. आमचे हे पलीकडून डाव्या हातानं खटकी उचलून धरून होते. आमचं इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलचं, हातानं फिरवून सुरू करायचं. एकानं वरची खटकी उचलून धरली की आतला दाब सुटतो आणि चाक हलकं फिरतं. दुसऱ्यानं हँडल गरागरा फिरवायचं. वेग आला की खटकी पाडायची, मग ते धडधडत धरतं. तिसरं काम हुकूम द्यायचं. ते थोरल्यांकडं होतं, अठरा वर्षं, एकही सुट्टी न घेता.

मी परत हँडल मारलं. एक फेरा झाला. दुसरा अर्धा. तिसऱ्याला दम संपला.

"सोड खटकी," थोरले ओरडले.

"नका सोडू!" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. "वेगच नाही तर काय सोडताय? परत उलटा झटका बसू दे का?"

ह्यांनी खटकी सोडली नाही. कशी सोडतील? मागच्या हिवाळ्यात हे हँडलला आणि मी खटकीला होते, तेव्हा असंच थोरल्यांनी "सोड, सोड" केलं होतं आणि हँडलनं उलटा झटका देऊन ह्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आत पट्टी आहे, सहा स्क्रू आहेत. अजून ह्यांना त्या हातानं सदऱ्याचं बटण लावता येत नाही. म्हणून तर मी हँडलला होते.

आमचा गाव डोंगराच्या कुशीत, उंचावर. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे असे येतात की पहाटे दव पडतं ते पानावरच गोठतं. सकाळी बघावं तर मीठ शिंपडल्यासारखं शेत. बटाट्याचं पान ते सहन करत नाही. ऊन आलं की पान उकडल्यासारखं होतं, दुपारपर्यंत काळं. यावर आमच्याकडं एकच उपाय. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, नुसतं बघितलं तरी वाफ दिसते. ते पाणी उजाडायच्या आधी सऱ्यांमधून फिरवलं की जमीन ऊब धरते आणि पान वाचतं. विहिरीला पाणी तीन तासांचं. संध्याकाळीच सोडून मोकळं व्हावं म्हटलं, तर नेमकं दव गोठायच्या वेळी विहीर कोरडी. म्हणजे इंजिन सुरू व्हायला पाहिजे ते त्याच तासाला, सगळ्यात गार तासाला. आणि आमचं इंजिन नेमकं त्याच तासाला बसलेल्या म्हशीसारखं करायचं.

"निखारे आणा," थोरल्यांनी हुकूम सोडला. हुकूम घराच्या दिशेनं होता, म्हणजे माझ्या जाऊबाईंना. त्या आधीच घमेलं घेऊन येत होत्या. निखाऱ्यांचं घमेलं इंजिनाच्या पोटाखाली सरकवायचं आणि पोट तापेपर्यंत वाट बघायची, ही दर हिवाळ्याची रीत. जाऊबाईंच्या भुवया त्यामुळं कायम अर्ध्या असायच्या.

तास गेला. पूर्वेला फटफटलं. मी मधेच तेल बघायची काडी उपसली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. काडीच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबला आणि तिथंच राहिला. मी मनात अंक मोजले. तेहतीस झाले तरी थेंब पडायचा विचार करत होता.

"दादा, तेल बघा. हे तेल आहे की डिंक?"

"तेलाला काय झालंय? चाळीस नंबर आहे. दमदार तेल आहे. तू हात बघ तुझे."

इंजिन धरलं तेव्हा सूर्य डोंगराच्या वर आला होता. म्हणजे त्या सकाळपुरतं ते इंजिन आमच्या काहीच उपयोगाचं नव्हतं.

थंडी पाण्यासारखी उताराला लागते, खाली साचते. थोरल्यांचा तुकडा वर, आमचा ओढ्याच्या कडेला, खाली. दुपारी मी बांधावर उभी राहून मोजलं. आमच्या खालच्या अकरा सऱ्या काळ्या पडल्या होत्या. थोरल्यांची एकही नाही. एका पानाला हात लावला तर ते बोटाला चिकटून आलं, भिजलेल्या कागदासारखं. मला रडू नाही आलं. मला इतका राग आला की कानात शिट्टी वाजायला लागली.

तशीच वर गेले. थोरले विहिरीकाठच्या इंजिनाच्या खोपीत होते. दुपारचं ऊन खोपीच्या पत्र्यावर पडलं होतं आणि त्यांनी सहज म्हणून आमच्या ह्यांच्याकडून इंजिन सुरू करून घेतलं होतं. डाव्या हातानं, खटकी उजव्या कोपरानं उचलून धरून! चार फेऱ्यांत! इंजिन शहाण्या मुलासारखं धडधडत होतं.

"बघ," थोरले म्हणाले. "काय झालंय याला? इंजिन ठणठणीत आहे. पहाटे तुमची झोप जात नाही, ती गोष्ट वेगळी."

"अकरा सऱ्या गेल्या, दादा."

"पुढच्या वेळी जास्त जोर लावा."

"जोर गेला खड्ड्यात! आता ऊन आहे म्हणून तेल सैल आहे. पहाटे ते गोठतं. बदला ते तेल. या हवेला ते चालत नाही."

आता खोपीच्या दाराबद्दल सांगितलं पाहिजे. दारावर पांढऱ्या रंगानं, थोरल्यांच्या हातानं, वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: फक्त ४० नंबर. त्यांनी त्या अक्षरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसले.

"चालत नाही? आणि हे इथं आणलं कुणी? चाळीस नंबर कुणाच्या बापाचं? माझ्या की तुझ्या?"

पाठीत लाथ बसावी तसं ते मला लागलं. कारण ते खरं होतं.

माझे वडील, आप्पा, खाली सपाटीवरच्या गावात पिठाच्या गिरणीचं इंजिन चालवायचे. तिथलं ऊन असं की दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची, आणि हिवाळा म्हणजे सकाळी घटकाभर अंगावर चादर ओढायची. आप्पा म्हणायचे, "पातळ तेल उन्हात पाणी होतं, आणि पाण्यावर इंजिन चालवलं तर ते स्वतःलाच खातं. चाळीस घाला, बिनघोर राहा." मी लग्न करून इथं वर आले तो उन्हाळा होता. इंजिन नवीन, आणि हे लोक त्यात ज्या दिवशी जे हाताला लागेल ते तेल ओतायचे. आतून ठकठक आवाज यायचा. मी नवी सून, तरी न राहवून बोलले, "आमचे आप्पा चाळीस घालतात." थोरल्यांनी आणून घातलं. ठकठक थांबली. त्या दिवसापासून चाळीस नंबर हा थोरल्यांचा शोध. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दुसऱ्याच्या इंजिनापाशी उभं राहून, "चाळीस घाला, माझं ऐका." अठरा वर्षांत माझ्या बापाचं नाव एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही. आलं ते अकरा सऱ्या करपल्यावर.

शोध त्यांचा, आणि चूक निघाली की ती माझ्या बापाची. खोपीतून बाहेर पडताना मी दाराला असा हिसडा दिला की बिजागरी निखळली. तिचा खिळा अजून सापडलेला नाही.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "तुम्ही का गप्प बसलात?"

"मोठा भाऊ आहे."

"मनगटही मोठ्या भावाचं मोडलं होतं का?"

हे उठले. चपला घातल्या. "चल," म्हणाले. "फिटरकडं जाऊ."

फिटरचं दुकान बाजारच्या गावी, बसथांब्याच्या मागं. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. हातातला पाना खाली न ठेवता त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मी आप्पांपासून थोरल्यांपर्यंत सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्याकडं पहाटे बादलीतलं पाणी गोठतं का?"

"वर पापुद्रा येतो."

"आणि तुम्ही इंजिनात चाळीस घालता. नुसतं चाळीस."

"हो."

"आणि हातानं फिरवता."

"मी फिरवते."

त्यानं चष्मा काढून माझ्या हातांकडं बघितलं. "मग तुम्हाला नमस्कार केला पाहिजे." मग ह्यांच्या मनगटाकडं बघितलं आणि पुढचा विनोद गिळला.

दुकानाच्या मागं, सावलीच्या भिंतीला, तेलाच्या उघड्या बाटल्या होत्या. तिथं ऊन कधी पोचत नाही, रात्रीचा गारठा बाटल्यांत अजून होता. त्यानं दोन उचलल्या. एक आमचं चाळीस. ती तिरपी केली तर तेल बाटलीच्या खांद्यापर्यंत आलं, तिथं बसलं आणि मग जांभई दिल्यासारखं पुढं सरकलं. दुसरी तिरपी केली तर तेल सरळ वाहायला लागलं.

"हे पातळ आहे," मी म्हटलं. शेवटी आप्पांचीच मुलगी मी. "हे उन्हाळ्यात पाणी होईल."

"नाही होणार. यावर दोन आकडे आहेत, वाचा."

बाटलीवर लिहिलं होतं: १५डब्ल्यू-४०.

"पुढचा आकडा थंडीतला. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. हा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात सैल राहतं. मागचा आकडा इंजिन तापल्यावरचा. तिथं बघा काय आहे?"

"चाळीस."

"तुमच्या वडिलांचाच चाळीस. तो कुठं गेला नाही. तापल्यावर हे त्यांच्या तेलाइतकंच अंग धरतं. पहाटे मात्र दगड होत नाही. तुमच्या वडिलांच्या गावाला पुढच्या आकड्याची गरजच नव्हती, त्यांना गारठा कुठं होता? तुमच्याकडं आहे." मग पाना पुसत म्हणाला, "आणि हे मी नवीन काही सांगत नाही. इंजिनाबरोबर पुस्तक येतं, त्यात तक्ता असतो. केवढी थंडी, केवढं ऊन, त्याला कोणतं तेल. पुस्तक कुठं आहे तुमचं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं.

"दादाच्या कपाटात," हे म्हणाले.

त्याच तेलाचा डबा घेऊन आम्ही परत आलो. पण तेल विकत घेणं सोपं. ते घालायचं कसं? खोपीला आता कुलूप होतं. मी दार हिसडल्यावर थोरल्यांनी त्याच संध्याकाळी ते लावलं होतं, आणि किल्ली त्यांच्या कपाटात. पाणी घ्यायचं असलं की थोरले येऊन उघडणार, उभे राहणार, आणि बंद करून जाणार. दोन्ही घरांचं इंजिन, पण किल्लीला घर एकच.

मी एकदा सरळ सांगून बघितलं. त्यांच्या ओसरीवर डबा ठेवला, दोन आकडे दाखवले. त्यांनी डब्याला बोटही लावलं नाही.

"पातळ तेल घालून माझं इंजिन बसवायचंय का?"

"आपलं इंजिन, दादा."

"फिटरला त्याचे डबे खपवायचे असतात. तू भोळी आहेस."

"भोळी असते तर तुमचं अठरा वर्षं ऐकलं असतं."

"ऐकलंसच की!" ते म्हणाले, आणि तेही खरं होतं, म्हणून आणखीच राग आला. मी डबा उचलला आणि निघाले. दारात जाऊबाई उभ्या होत्या, त्यांनी मला वाट दिली आणि मागं दार लोटून घेतलं. मला वाटलं, ह्याही त्यांच्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले बाजारात गेले. मी भांडी घासत होते. जाऊबाई मागच्या दारानं आल्या आणि माझ्यासमोर किल्ली टाकली. किल्लीच्या शेजारी एक पुस्तक. पुस्तकावरचं प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं.

"हे काय?"

"तुझा तक्ता. अठरा वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसते. आज म्हटलं, आतही बघावं कुणीतरी."

"जाऊबाई, त्यांना कळलं तर?"

"कळू दे!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मांजर चुलीमागं पळालं. "हिवाळाभर कोण उठतं निखारे करायला? माझ्या भुवया बघ! मला विचारलं का कुणी की बाई, तुला त्या निखाऱ्यांचा काय त्रास होतो? परवा केसांना झळ लागली तर म्हणतात, लांब धरायचं. लांब धरायचं म्हणे! ऊठ. ते दिवेलागणीला येतील."

मी प्लॅस्टिक दातानं फोडलं. आठव्या पानावर तक्ता होता. डावीकडं थंडी-उन्हाचे आकडे, समोर आडव्या पट्ट्या. नुसत्या चाळीसची पट्टी उन्हाच्या बाजूला आखूडशी होती आणि आमच्या पहाटेच्या कितीतरी आधी संपत होती. पंधरा-चाळीसची पट्टी गोठलेल्या पाण्याच्या पलीकडून सुरू होऊन तापत्या उन्हापर्यंत सलग गेली होती. लहान पोरालाही कळलं असतं. अठरा हिवाळे, एक मनगट, अकरा सऱ्या, आणि उत्तर कपाटात, घडी केलेल्या चादरींखाली.

आम्ही तिघं खोपीत गेलो. आधी इंजिन सुरू करून तापवलं, कारण गार तेल पोटातून पुरतं उतरत नाही. मग बंद केलं आणि ह्यांनी डाव्या हातानं खालचा नट ढिला केला. जुनं तेल काळंकुट्ट, घमेल्यात पडायला लागलं. जाऊबाईंचं तेच निखाऱ्यांचं घमेलं.

"पडू दे," जाऊबाई म्हणाल्या. "शेवटचा थेंब पडू दे."

आम्ही पार शेवटच्या थेंबापर्यंत थांबलो. नट आवळला. तेल गाळायची जाळी रॉकेलनं धुतली. नरसाळं लावून नवीन तेल ओतलं, काडीच्या वरच्या खुणेपर्यंत, केसभरही जास्त नाही. जुनं तेल दोन डब्यांत भरून खोपीच्या मागं ठेवलं. किल्ली कपाटात परत गेली. पुस्तक मात्र गेलं नाही, ते माझ्या उशीखाली राहिलं.

तीन दिवस ढग होते. चौथ्या संध्याकाळी आकाश असं निरभ्र झालं की मला धडकी भरली. निरभ्र म्हणजे थंडी. खालच्या बाजूच्या अकरा सऱ्या गेल्या होत्या, वर अजून चाळीसेक उभ्या होत्या. त्या गेल्या असत्या तर त्या वर्षी आमच्या हाती नुसतं बेणंही लागलं नसतं.

पहाटे विहिरीवर गेलो तर गवत पायाखाली करकर वाजत होतं. थोरले आले, किल्ली घेऊन, मफलर, हात काखेत. मागून जाऊबाई रिकाम्या हातानं. आणि शेजारच्या तुकड्याचा मालक, गावातला गवंडी, बॅटरी घेऊन आलेला. त्याला आमच्या पाटाचं पाणी पाहिजे असायचं, आणि फुकटची करमणूकही.

"निखारे कुठं?" थोरले जाऊबाईंवर खेकसले.

"चूल पेटली नाही."

"चूल पेटली नाही!" ते माझ्याकडं वळले. "आणि तुझ्या हातात तरी आज दम आहे का? की परत बापाच्या तेलाच्या नावानं बोंब मारायची?"

खरं म्हणजे मी सगळं ठरवून आले होते. हँडल मीच मारणार, इंजिन तीन फेऱ्यांत धरणार, आणि मग मी त्यांच्याकडं बघणार, नुसतं बघणार. पण 'बापाच्या तेलाच्या' म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. हँडल उचललं आणि त्यांच्या छातीशी धरलं.

"घ्या! तुम्ही मारा! अठरा वर्षांत एकदा तरी हात लावून बघा या लोखंडाला! काठावर उभं राहून तोंड चालवणं सोपं असतं!"

गवंड्यानं बॅटरी थेट थोरल्यांच्या तोंडावर मारली. "हां," तो म्हणाला. "बाई म्हणते त्यात पॉइंट आहे. मी तरी कधी बघितलं नाही तुम्हाला हँडलला."

परक्या माणसासमोर माघार घ्यायची कशी? थोरल्यांनी मफलर सोडला. हँडल लावलं. पाय रोवले, अंगात सगळा जोर आणला, आणि त्या क्षणाला माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले.

तेल बदललेलं होतं!

हँडल फिरलं. असं फिरलं की एवढा जोर लावलेले थोरले पुढं तोल जाऊन पडायचेच राहिले. एक, दोन, तीन, ह्यांनी खटकी पाडली, आणि इंजिन धडधड करत धरलं. नळातून वाफाळतं पाणी पाटात पडलं.

थोरल्यांनी आधी हँडलकडं बघितलं. मग स्वतःच्या दंडाकडं. मग आम्हा सगळ्यांकडं, आणि त्यांची छाती वीतभर वाढली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "हातात ताकद लागते. तेल-बिल काही नसतं."

मला वाटलं मी त्यांना विहिरीत ढकलते आता. तोंड उघडलं, तेवढ्यात जाऊबाईंनी माझा दंड असा आवळला की त्यांची नखं स्वेटरमधून रुतली.

"थांब," त्या कानाशी म्हणाल्या. मग मोठ्यानं, "बाई गं! केवढी ताकद! आणि आम्ही उगीच इतकी वर्षं धाकट्यांना छळलं. आता रोज तुम्हीच मारा हो हँडल. हिला कुठं जमतंय!"

"मी आहे साक्षीला," गवंडी म्हणाला. "उद्या किती वाजता?"

आमचे हे खाली बसले होते, इंजिनाच्या आड. मला वाटलं मनगट दुखलं. वाकून बघितलं तर हसून हसून डोळ्यांतून पाणी.

त्यानंतर ओळीनं तेरा पहाटे दव गोठलं. तेराही पहाटे थोरले अंधारात उठून आले. गवंड्यानं गावभर केलं होतं, त्यामुळं दोनदा तर बघायला माणसं आली. थोरल्यांना यावंच लागलं. नाक लाल, डोळे चिकटलेले, हँडल बर्फासारखं गार. मी पाटाच्या कडेला उभी राहायची आणि सऱ्यांची तोंडं फोडायची. हुकूम द्यायला कुणीच नव्हतं, आणि कुणाचं काही अडलं नाही. उरलेल्या सगळ्या सऱ्या हिरव्या राहिल्या. जाऊबाईंच्या भुवया परत आल्या.

पण मनातला राग काही विरला नाही. टपरीवर ते दंड दाखवून बोलतात हे कानावर आलं की मला घास गिळवत नव्हता.

चौदाव्या पहाटे मी विहिरीवर पोचले तर थोरले आधीच आलेले. खोपीमागं ठेवलेल्या जुन्या तेलाचा एक डबा त्यांच्या पायाशी उघडा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात इंजिनाची काडी. काडीच्या टोकावरून तेलाचे थेंब एकामागून एक टपटप पडत होते. डब्यात खुपसलेली काटकी त्यांनी काडीच्या हातानंच वर काढली. तिच्यावरचा थेंब लोंबत राहिला.

"तेल कुणी बदललं?"

"मी."

"कधी?"

"तुम्हाला ताकद आली त्याच्या चार दिवस आधी."

त्यांनी काडी पुसून परत जागेवर खोचली. त्यांचे तळहात मला बॅटरीत दिसले. अंगठ्याच्या मुळाशी फोड, जिथं माझ्या हाताला घट्टे होते, बरोबर तिथंच. नवीन तेलाचं हँडलसुद्धा तेरा पहाटे फिरवलं की फोड देतंच. जुन्याचं काय होत असेल, ते त्यांना हिशेब करून बघता येत होतं.

"पुस्तक कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या उशीखाली."

"असू दे तिथंच," ते म्हणाले. त्या दिवशी हँडल त्यांनीच मारलं, आणि दंडाबद्दल काही बोलले नाहीत.

मला वाटलं संपलं. पण दोन दिवसांनी, उजाडायच्या तासभर आधी, मी विहिरीवर आले तेव्हा ते खोपीच्या दारापुढं उकिडवे बसले होते, बॅटरी जमिनीवर टेकवून, पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन. 'फक्त' आणि '४०' यांच्या मधे जागा थोडीच होती. तिथं त्यांनी दाटीवाटीनं '१५' घुसवला होता आणि पुढं एक रेघ. रंग ओला होता, पाचाच्या पोटातून एक ओघळ खाली आला होता.

माझी चाहूल लागली तसे ते मागं न बघता म्हणाले, "तुझ्या आप्पांचा चाळीस ठेवलाय तसाच. त्यांच्या गावाला ते बरोबर असेल."

"असेल नाही," मी म्हटलं. "होतं."

ब्रश हवेत थांबला.

"होतं," ते म्हणाले.

मी दाराकडं बघितलं. खाली चांदण्यात आमच्या सऱ्यांवर धुरकट पांढरं उतरायला लागलं होतं.

"पंधरा वाकडा आलाय," मी म्हटलं. "आणि हँडलला उशीर होतोय."

त्यांनी ब्रश डबीवर आडवा ठेवला, तळहात पायजम्याला पुसले आणि इंजिनाकडं गेले.